तीन आकडे एका ओळीत लिहा: जुन्या घरावर कर्ज देणाऱ्या शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बँका, पतसंस्था व गृहवित्त कंपन्यांचे शाखाधिकारी,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

विषय: जुन्या घराच्या खरेदीसाठी कर्ज देण्यापूर्वी जागेची मोजणी व बांधकामाची तपासणी करून घेण्याबाबत, आणि तिचे अहवाल कर्जदाराच्या हाती देण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये बत्तीस वर्षे हिशेब लिहिले. त्या काळात रोज डोळ्यांसमोर घडणारी एक गोष्ट आधी सांगतो, कारण या पत्रातली तक्रार तिच्यावरूनच सुचलेली आहे. शेतकऱ्याची गाडी आवारात आली, की भाव बोलण्यापूर्वी माल पाहणारा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढतो, मुठीत दाबून ओल अजमावतो, चिमटीत धागा ओढून त्याची लांबी पाहतो आणि मगच तोंड उघडतो. सरकारी खरेदीत तर ओलाव्याचा आकडा यंत्रावर वाचतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात आणि त्यापुढे गाडी परत. आमच्या जिनिंगला कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर खेळते कर्ज, देणाऱ्या बँकेचे अधिकारीही ठरल्या दिवशी येत, गाठी मोजत, एका गाठीचे १७० किलो धरून माझ्या स्टॉक रजिस्टरशी ताळा घेत, आणि एखादे कडक साहेब पुढच्या थप्पीवर न थांबता मागच्या थप्पीतली गाठ बाहेर काढायला लावत. त्याचा मला कधी राग आला नाही. पैसा त्यांचा होता, त्यांनी पाहायलाच हवे होते.

२०२२ सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आणि माझ्या मुलाने संयुक्त नावाने कर्ज काढून गावातले एक जुने घर चोवीस लाखांना विकत घेतले. त्यातले एकोणीस लाख बँकेचे होते. त्या घराच्या मूल्यांकनासाठी बँकेच्या पॅनेलवरचे गृहस्थ आले, ओट्यासमोर उभे राहून मोबाइलवर चार फोटो काढले, पुढच्या खोलीत डोकावले, घरपट्टीचा उतारा मागून घेतला आणि पंधरा मिनिटांत निघून गेले. मागच्या खोलीत ते आले नाहीत. त्यांची फी माझ्या खात्यातून वळती झाली होती. मालकीचे जुने दस्त तपासणाऱ्या वकिलांच्या सर्च रिपोर्टची फीही माझ्याच खात्यातून गेली. दोन्ही अहवाल बँकेच्या फाइलला लागले आणि मला कळले ते इतकेच, की कर्ज मंजूर झाले. आमच्याकडे घरी, शेजारी, पाहुण्यांत जो तो एकच वाक्य बोलला: ‘बँकेने पास केले ना, मग घर चोख आहे.’ मीही तेच समजलो. कोणत्या बँकेत हे घडले ते येथे लिहीत नाही, कारण त्यानंतर ज्या ज्या ओळखीच्यांना विचारले त्यांचे अनुभव वेगवेगळ्या शाखांतले असूनही याहून निराळे निघाले नाहीत.

घर कसे होते ते सांगायला हवे. पुढचे दोन खण १९८४ च्या सुमारास पाडून विटा-सिमेंटात बांधलेले आणि वर स्लॅब. मागचा भाग मूळचा, मातीच्या रुंद भिंतींचा आणि धाब्याचा. आपल्यापैकी जे बदली होऊन बाहेरच्या जिल्ह्यांतून आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो, की धाबे म्हणजे सागवानी तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर मातीचा सपाट गिलावा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात या छताखाली जी गार झोप लागते ती स्लॅबखाली लागत नाही, हे मी अजूनही मान्य करीन. पण पाणी झिरपू नये म्हणून मृगाच्या आधी धाब्यावर दरवर्षी खाऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना मात्र कोणी काढत नाही. असे चाळीस-पन्नास पावसाळे गेले, की चार बोटांची माती फूटभर होते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर कोरडी माती म्हणजे पाच टनांहून अधिक वजन. आमच्या भाषेत सांगायचे तर रुईच्या तीसेक गाठी डोक्यावर रचून त्यांच्याखाली झोपायचे. भिजल्यावर ते वजन आणखी वाढते. हा सगळा भार ज्या तुळईवर असतो तिची टोके भिंतीत गाडलेली असतात, आणि ओल व उधई यांची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

विकणाऱ्यांनी घराला नवा रंग दिला होता आणि मागच्या खोलीत छताला खालून प्लायवूडचे सिलिंग मारून घेतले होते. ते पाहून घरच्यांना आनंदच झाला. त्या वर्षीच्या श्रावणात तीन दिवस झड लागली आणि सिलिंगच्या एका पट्ट्याला पोट आले. ओळखीच्या सुताराला बोलावले. त्याने चार खिळे उपटून पट्टा बाजूला केला, तेव्हा घमेलेभर माती खाली आली. मग शिडीवर चढून त्याने खिशातले दाभण काढले आणि तुळईच्या भिंतीकडच्या टोकाला टेकवले. ठोकावे लागले नाही. हाताच्या नुसत्या दाबाने दाभण मुठीपर्यंत आत गेले. बाहेरून त्या तुळईवर ऑइलपेंटचा चकचकीत हात होता. खाली उतरून तो एवढेच म्हणाला, ‘भाऊ, हाई लाकूड नही, भुसा शे.’ ज्या तपासणीने हे कळले तिला एक दाभण, एक शिडी आणि अर्धा तास लागला. तीच तपासणी आखाजीपूर्वी झाली असती, तर मी घर घेतले नसते असे नाही, पण चोवीस लाखांना खचित घेतले नसते.

इथवरची गोष्ट पैशांची होती. मागचा भाग उतरवून स्लॅब टाकायचे ठरवले, तेव्हा नगरपालिकेच्या परवानगीसाठी अभियंत्यांनी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि मोजणी नकाशा मागितला. मोजणी नकाशा आमच्याकडे नव्हता. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जागेची सीमा ठरवून घेण्याचा, अर्ज केला, लगतच्या मिळकतधारकांना नोटिसा गेल्या आणि ठरलेल्या दिवशी भूकरमापक यंत्र घेऊन आले. नगर भूमापनाच्या वेळचा नकाशा त्यांनी उलगडला, समोरच्या बाजूच्या खुणा मिळवल्या, मग मागे आले आणि लाल रंगाची एक रेघ मारली. ती रेघ आमच्या न्हाणीत, पाणी तापवायच्या चुलीच्या अलीकडे पडली. चूल, न्हाणीचा मागचा भाग आणि जिना हे सगळे नकाशावरच्या सार्वजनिक बोळात होते. केव्हातरी, कोणीतरी, दोन पिढ्यांपूर्वी भिंत मागे सरकवली होती. शेजाऱ्यांना ते ठाऊक होते आणि मला सोडून बहुधा सगळ्या आळीला ठाऊक होते.

आता मी जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे ती गोष्ट. आमच्या खरेदीखतात जागेचे माप होते पूर्व-पश्चिम २२ फूट आणि दक्षिणोत्तर ३६ फूट. गुणाकार ७९२ चौरस फूट. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र होते ६४.२ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ते होते ६९१ चौरस फूट. फरक १०१ चौरस फुटांचा, म्हणजे बावीस फूट रुंदीच्या जागेत मागची साडेचार फुटांची पट्टी. लाल रेघेनेही तीच पट्टी दाखवली. हे दोन्ही कागद बँकेच्या फाइलमध्ये एकामागे एक लावलेले होते. दस्तलेखकाने ते हाताळले, बँकेच्या वकिलांनी वाचले, मूल्यांकनकारांनी त्यांतला मोठा आकडा उचलून त्यावर भाव लावला, शाखेत दोन जणांनी सह्या केल्या. एक कागद फुटांत होता, दुसरा मीटरमध्ये, आणि गुणाकार कोणीच केला नाही. बत्तीस वर्षे ताळेबंद लिहिलेल्या माणसानेही केला नाही, ही लाज मी लपवत नाही. माझा एक पैशाचा फरक निघाला तर मी रात्री दहापर्यंत जिनिंगच्या कचेरीत बसत असे.

नंतर मी मूल्यांकन अहवालाची प्रत मागितली. ‘तो बँकेचा अंतर्गत कागद आहे’ असे उत्तर दोनदा मिळाले; तिसऱ्या वेळी एका सज्जन अधिकाऱ्यांनी समोर बसवून तो वाचू दिला. त्यात क्षेत्र ७९२ चौरस फूट लिहिले होते, बांधकामाचा प्रकार ‘पक्के’ लिहिला होता आणि ‘उर्वरित आयुष्य’ या रकान्यात ३० वर्षे. ज्या तुळईत दाभण मुठीपर्यंत गेले तिलाही त्या रकान्याने तीस वर्षे दिली होती. मी त्या मूल्यांकनकारांना दोष देऊन थांबत नाही. त्यांना जे काम सांगितले होते ते त्यांनी केले: उद्या कर्ज थकले तर ही मिळकत विकून बँकेचे पैसे निघतील की नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. गावठाणातल्या हमरस्त्याजवळच्या जागेची नुसती जमीनच एकोणीस लाखांना पुरली असती. बँकेच्या दृष्टीने अहवाल बरोबर होता. चूक झाली ती मी त्या अहवालाला माझा समजण्यात, आणि तो माझा नाही हे मला कोणी न सांगण्यात.

कायदाही या बाबतीत खरेदीदाराच्या पाठीशी फारसा उभा राहत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ विकणाऱ्यावर दोष उघड करण्याची जबाबदारी टाकते खरी, पण ती अशा दोषांपुरती, जे विकणाऱ्याला माहीत आहेत आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही कळले नसते. मी ज्या वकिलांकडे गेलो त्यांनी शांतपणे विचारले, ‘मोजणी करून घेणे ही सामान्य काळजी नव्हे, असे आपण कोर्टाला कसे सांगणार?’ शिवाय आमच्या खरेदीखतात, जसे ते सर्वांच्याच असते तसे, ‘सदर मिळकत खरेदी घेणार यांनी प्रत्यक्ष पाहून, तपासून, खात्री करून घेतली आहे’ हे वाक्य होते आणि त्याखाली माझी सही होती. चतुःसीमेत पूर्वेला ज्यांचे घर लिहिले होते त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. आधीच्या दस्तातली चतुःसीमा नव्या दस्तात उतरवली होती, इतकेच. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला जातो, जागा मोजली जात नाही, आणि घरपट्टीचा उतारा कर कोणाकडून घ्यायचा ते सांगतो, मालकी वा हद्द सांगत नाही. हे मला आता पाठ झाले आहे.

मग हे काम खरेदीदाराने स्वतःच का करू नये, असे आपण म्हणाल, आणि शाखेत मला तसे म्हटलेही गेले. त्याला माझे उत्तर आहे, की मोजणीपुरते ते त्याला करताच येत नाही. मोजणीचा अर्ज ज्याच्या नावे मिळकत आहे त्यानेच करायचा असतो; होऊ घातलेला खरेदीदार भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन दुसऱ्याच्या घराची मोजणी मागू शकत नाही. अर्ज विकणाऱ्याने करायला हवा, आणि त्याला घाई असते, किंवा भीती असते, किंवा ‘तुम्हाला विश्वास नसेल तर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे तो म्हणतो. ज्याच्याजवळ अजून फक्त इसार पावती आहे अशा माणसाचे त्याच्यापुढे काही चालत नाही. चालते ते फक्त एकाचे, ज्याच्या सहीवाचून त्याला धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) मिळणार नाही त्याचे, म्हणजे आपले. सर्च रिपोर्टमध्ये वारसाची नोंद राहिलेली दिसली किंवा बहिणीचे हक्कसोडपत्र नसले, तर आपण कर्ज थांबवता आणि विकणारा महिनाभरात ते कागद आणून देतो, हे मी पाहिले आहे. तिथे आपण काटेकोर असता, कारण तिथे बँकेचा पैसा बुडू शकतो. मोजणीच्या बाबतीत बुडतो तो कर्जदाराचा.

खर्चाचे म्हणावे, तर माझ्या दस्ताला नोंदणी शुल्कच एक टक्क्याप्रमाणे २४,००० रुपये लागले आणि मुद्रांक शुल्क लाखावर गेले. नगरपालिका व महानगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंतच्या नियमित मोजणीची फी ३,००० रुपये आणि द्रुतगतीची १२,००० रुपये आहे. डिसेंबर २०२४ पासून हे दोनच प्रकार राहिले आहेत. जुन्या घराची खोलवर पाहणी करून सही-शिक्क्यानिशी अहवाल देणाऱ्या स्थापत्य अभियंत्याची फी त्याहून वेगळी, पण ती ज्या चुकीपासून वाचवते तिच्यापुढे ती किरकोळच. मागचा भाग उतरवणे, साडेचार फूट पुढे सरकून नवी भिंत घेणे, जिना आतून काढणे यांत माझे साडेसहा लाख गेले.

आपली अडचण मला दिसत नाही असे नाही. नियमित मोजणीला महिने लागतात, भूकरमापक थोडे आणि अर्ज फार, शेजारी हरकत घेतो, तोवर गिऱ्हाईक समोरच्या बँकेत जाते आणि तिमाहीचे उद्दिष्ट हुकते. म्हणूनच हे पत्र एका शाखेला न लिहिता सर्वांना लिहिले आहे. सगळ्यांनी एकच अट घातली तर समोरच्या बँकेत जाऊन काय उपयोग? ज्या गावठाणांचे नगर भूमापन झालेले नाही तिथे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरच व्यवहार चालत, पण २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या मोजणीच्या वेळी हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या जातात आणि ड्रोन वरून त्या टिपतो. म्हणजे त्या दिवशी रेघ कोणी कुठे मारली यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि पुढे झुकलेल्या पत्र्याखालची भिंत वरून दिसत नाही. तेव्हा तिथेही पत्रिका हाती घेऊन एकदा टेप लावलेली बरी.

माझी पहिली मागणी त्यामुळे अगदी लहान आहे, आणि तिला कोणत्याही वरच्या कार्यालयाचे परिपत्रक लागेल असे वाटत नाही. मंजुरीपत्रावर तीन आकडे एका ओळीत, एकाच एककात लिहा: दस्तातले क्षेत्र, मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र, आणि जागेवर टेप लावून आलेले क्षेत्र. तिन्ही जुळले तर प्रश्न नाही. जुळले नाहीत तर, आणि फक्त तेव्हाच, मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, आल्याखेरीज रक्कम देऊ नका, आणि ही अट विकणाऱ्याला पहिल्या भेटीतच सांगा, म्हणजे इसार पावतीत ती उतरेल. ज्या घरांत आकडे जुळतात त्यांना मोजणीसाठी ताटकळावे लागणार नाही, आणि भूमी अभिलेख कार्यालयावरही नाहक भार पडणार नाही.

दुसरी मागणी अहवालांची. ज्याच्या पैशाने मूल्यांकन आणि सर्च रिपोर्ट झाले त्याला त्यांची प्रत मंजुरीपूर्वी द्या आणि वर ठळक अक्षरांत लिहा, की हे मूल्यांकन तारणापुरते आहे, घराच्या मजबुतीचा दाखला नव्हे. हे एक वाक्य मला आखाजीपूर्वी मराठीत वाचायला मिळाले असते तर मी सुताराला श्रावणाऐवजी चैत्रात बोलावले असते.

तिसरी मागणी तीस वर्षांहून जुन्या घरांपुरती. धुळे आणि जळगाव महानगरपालिकांच्या हद्दीत अशा इमारतीची संरचनात्मक तपासणी करून दाखला देणे हे महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे मालकाचे कर्तव्यच आहे; तो दाखला कर्जाच्या कागदांच्या यादीत घालायला काहीच अडचण नसावी. तालुक्यांच्या गावी बँकेच्या पॅनेलबाहेरच्या स्थापत्य अभियंत्याचा अहवाल घ्या, आणि त्याने काय पाहायचे ते त्याच्यावर सोडू नका. सिलिंग असेल तर एक पट्टा उघडून पाहावा. तुळयांची भिंतीतली टोके टोचून पाहावीत. मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकला आहे का ते पाहावे, कारण तसे आमच्याकडे सर्रास होते. १९७०-८० च्या दशकांतल्या स्लॅबला खालून पोपडे सुटले असतील आणि गंजून फुगलेल्या सळया दिसत असतील, तर नुसत्या गिलाव्यावर समाधान मानू नये. रिबाउंड हॅमरसारखी, म्हणजे काँक्रीटवर हातोडी आपटून त्याची मजबुती अजमावणारी, साधी चाचणी तालुक्यातही होऊ शकते. भिंतीला लोणा, म्हणजे ओलीने येणारा खारा पापुद्रा, लागला असेल तर तो किती उंचीपर्यंत चढला आहे ते लिहावे.

पायाचा मात्र थोडा विस्तार करतो, कारण तो खान्देशाचा खास विषय आहे. तापीकाठच्या आपल्या काळ्या जमिनीने केळी आणि कापूस दिला, पण घराला ती फार वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ज्या घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला नाही ते घर दरवर्षी तिच्याबरोबर थोडे उचलते आणि थोडे बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर चढणारी भेग बहुधा याचीच असते, आणि रंग देताना ती लांबीने (पुट्टीने) भरून टाकणे सोपे असते. जुने गवंडी अशा भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवून ठेवत. भिंत हलत असेल तर काच तडकते, थांबलेली असेल तर शाबूत राहते. घर विकत घेणाऱ्याला या तपासणीसाठी सवड मिळत नाही, कारण आपल्याकडे घराचे व्यवहार आखाजीला होतात. मुहूर्त उत्तम, पण वैशाखात छत कोरडे असते, ओल भिंतीत दडलेली असते, विकणाऱ्याने लग्नसराईच्या निमित्ताने नुकताच रंग दिलेला असतो. घर पाहायचा खरा महिना भाद्रपद. जमीन पुरती फुगलेली, धाबे पुरते भिजलेले, आणि नदी आपल्या जुन्या वाटा आठवून गेलेली. २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा गावी निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, मिळकतीच्या कुठून जाते हे मूल्यांकन अहवालात लिहायला एक ओळ पुरते. आखाजीला खरेदीखत करायचेच असेल तर पाहणी आदल्या पावसाळ्यात व्हावी, किंवा विकणाऱ्याच्या संमतीने किमतीतली थोडी रक्कम पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट दस्तात घालता येते. ही अट कोणी मान्य करील का, अशी मला स्वतःलाही शंका आहे. पण विचारायला हरकत नाही. जो तत्काळ नाही म्हणेल त्याच्या सिलिंगचा पट्टा आधी उघडावा.

तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जात मिळकतीच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. आमच्या गावातली बहुतेक जुनी घरे याच मर्यादेत बसतात. म्हणजे घेणारा दहा-वीस टक्के आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून किंवा बायकोच्या पाटल्या मोडून घालतो आणि बाकीचे पंधरा-वीस वर्षे फेडतो. मोजणी आणि अभियंत्याची फी कर्जाच्या रकमेत धरली, तर त्याला ती हप्त्यात कळणारही नाही. तशी सोय करता आली तर पाहावी.

माझा पुतण्या शिरपूर तालुक्यातल्या एका गावात जुना वाडा घेतो आहे. पुढचा भाग दगडी, मागे धाबे आणि बखळ, म्हणजे मोकळी पडीक जागा. त्याची फाइल येत्या आठवड्यात आपल्यापैकी एका शाखेत दाखल होईल. अर्जासोबत त्याने तीन आकड्यांचा तक्ता स्वतःच भरून जोडला आहे. दस्त आणि पत्रिका यांत अकरा चौरस मीटरचा फरक निघतो आहे, आणि बखळीच्या बाजूची भिंत कोणाची यावर शेजाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत एकमत नाही. विकणारे मोजणीचा अर्ज करायला तयार नाहीत. मूल्यांकनाच्या दिवशी मी शिडी आणि दाभण घेऊन तिथे हजर राहीन, आपल्या मूल्यांकनकारांना मागच्या खोलीत येण्याची विनंती करीन आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. दोन्ही अहवालांची प्रत आणि मोजणीच्या अटीबाबत शाखेचा निर्णय त्याला लेखी कळवावा, एवढी नम्र विनंती आहे.

आपला,
एक कर्जदार
(निवृत्त हिशेबनीस, जिल्हा जळगाव)